फिनलंडचा उजेड आणि उम्म सालिमची खोली

माझा जन्म एकास शंभर या मापात गेला. खरं घर शंभर फूट लांब असेल, तर माझं एक फूट. वास्तुविशारदांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत जी इवलीशी घरं मांडलेली असतात, ती करणाऱ्यांतला मी एक. मस्कतच्या रुवी भागात, जिथं हिंदी, मल्याळम आणि आपली मराठी एकाच वेळी कानावर पडते, तिथं एका कुरिअरवाल्याच्या वरच्या मजल्यावर आमची खोली आहे. मी आणि श्रीवर्धनचा इस्माईल, दोघं मिळून परक्यांची घरं ब्लेडनं कापत बसतो. मला सगळे मॉडेलभाई म्हणतात. खरं नाव व्हिसावर असेल.

गुहागरकडच्या आमच्या गावात मी थर्माकोलची मखरं करायचो. एका वर्षी गणपतीला अख्खं गोपूर केलं. ते बघून सुट्टीवर आलेला एक गाववाला म्हणाला, "अरे, मस्कतात ह्याच कामाचा पगार देतात." मी हसलो. तो हसला नाही. त्याच्याच ओळखीनं मी इकडं आलो.

बाहेरच्याला सांगायचं तर काम सोपं आहे. नकाशा वाचता येणारी माणसं थोडी. घर बांधणाऱ्याला कागदावर खोली कोंदट होणार की ऐसपैस, ते कळत नाही. मग आम्ही पुठ्ठा, अॅक्रिलिक आणि हलकं लाकूड घेऊन ते घर त्याच्यासमोर उभं करतो. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवली की झाडं झाली. डिंक दिसला की काम फुकट गेलं. छप्पर मात्र कधी चिकटवायचं नाही, ते उचलता आलं पाहिजे.

आणि मॉडेल वरून बघायचं नसतं. वरून देव आणि ठेकेदार बघतात. आपण खाली वाकायचं, एक डोळा मिटायचा, दुसरा दाराशी न्यायचा आणि थोडं थांबायचं. हळूहळू पुठ्ठा विरघळतो. आपण आत शिरतो, जिना चढतो, खिडकीत उभे राहतो. मी दिवसातला बराच वेळ असा कुठल्या ना कुठल्या घरात हरवलेला असतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "ह्यांना जेवायला बोलवायचं तर आधी कुठल्या खोलीत आहेत ते विचारावं लागतं."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराला धुराड्यातून धूर हवा होता. मी कापूस लावला. त्याला कमी वाटला, अजून लावला. पुढच्या आठवड्यात पर्यावरणवाले साहेब भेट देणार म्हटल्यावर तोच धावत आला, "यल्ला मॉडेलभाई, धुआँ निकालो, जल्दी!" आम्ही चिमट्यानं धूर उपटला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं स्वतःच्या शेळ्या लावायला सांगितल्या आणि मग त्यातली त्याची लाडकी शेळी कुठली, ते मला विचारलं. मी एकीकडं बोट दाखवलं. तो खूश झाला. आता काय सांगायचं, सगळ्या एकाच कागदातून कापलेल्या.

मी केलेली निम्मी घरं कधी बांधलीच गेली नाहीत, ही खंत आहेच. आता तर संगणकावर चित्र काढतात, त्यात माणसं चालतात, पडदे हलतात. आमच्या खोलीत जुनी मॉडेलं एकावर एक रचलेली आहेत. दुपारी तिरपं ऊन आलं की त्यांच्या खिडक्यांतून उजेड आरपार जातो आणि कुणीच न राहिलेल्या त्या गावात थोडा वेळ दिवे लागतात.

आमची मुलगी मुक्ता मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये शिकली आणि नोकरीसाठी हेलसिंकीला गेली. गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिनं आम्हाला बोलावून घेतलं. फोनवर म्हणाली, "बाबा, यू विल लव्ह इट. म्हणजे, तुम्हाला खूप आवडणार. इथे ना, सगळं तुमच्या मॉडेलसारखंच आहे."

पोरीनं खोटं सांगितलं नव्हतं. रस्ते स्वच्छ, झाडं जागच्या जागी, आणि बसथांब्यावर माणसं इतकी लांब लांब उभी, की मॉडेलमध्ये मीसुद्धा ती थोडी जवळ चिकटवली असती. पण मला वेड लावलं ते उन्हानं. भर दुपारी सूर्य झाडांच्या शेंड्यांशी रेंगाळलेला आणि माझी सावली माझ्यापेक्षा कितीतरी लांब, समोरच्या इमारतीवर चढलेली. ओमानात आम्ही जन्मभर उन्हाला बाहेर ठेवायची घरं करतो. इथं लोक उन्हाला हाताला धरून घरात आणत होते.

रेल्वे स्टेशनासमोर त्यांचं मोठं वाचनालय आहे. पुढचा लाकडी भाग लाटेसारखा रस्त्यावर झुकलेला. सगळ्यात वरचा मजला म्हणजे एकच भलीमोठी खोली. छत पांढरं आणि खालीवर होत गेलेलं, त्यात गोल गोल झरोके. झरोक्यातून ऊन थेट पडत नाही. आधी त्याच्या कडेवर टेकतं, तिथं मऊ होतं आणि मग खाली येतं. मी एका खुर्चीत बसलो आणि कधी डोळे मिटले ते कळलं नाही. उठलो तेव्हा सुनंदा गायब. शोधत मधल्या मजल्यावर गेलो, तर तिथं लोकांसाठी शिवणयंत्रं मांडलेली आणि ही बाई एका यंत्रावर माझ्या कोटाचं अस्तर शिवत बसलेली.

"फुकट आहे," ती म्हणाली. "तुम्ही झोपा आणखी."

तिच्याच शेजारी एक यंत्र आपोआप प्लास्टिकचं घर उभं करत होतं. थरावर थर, न थकता, डिंकाशिवाय. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा होतो. चांगलं करत होतं मेलं.

दुसऱ्या दिवशी मुक्तानं दगडातलं चर्च दाखवलं. राहत्या वस्तीच्या मधोमध एक बुटका खडक आहे, लोक त्याच्यावरून फिरतात. चर्च त्या खडकाच्या पोटात खणलेलं. आत भिंती म्हणजे फोडलेला दगड, जसा फुटला तसाच ठेवलेला. वर तांब्याचं मोठं ताट पालथं घातल्यासारखं छत. मात्र छत आणि दगड यांच्यामध्ये सगळीकडून काचेचं कडं आहे, त्यामुळे एवढं जड तांबं उजेडावर तरंगतं. रुवीच्या मागं असेच उघडेबोडके डोंगर आहेत. इतकी वर्षं मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो. डोंगराच्या पोटात एवढी शांतता असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

बाजारपेठेच्या चौकात लाकडाची एक छोटी प्रार्थनेची जागा आहे, बाहेरून एखाद्या मोठ्या वाडग्यासारखी. तिला खिडकी नाही. आत गोलाकार लाकडी भिंत आणि वर कडेनं पाझरणारा उजेड. बाहेरचं काही दिसत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आणि तरी उजेड आहे. एक माणूस किराण्याची पिशवी पायाशी ठेवून बसला होता. पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. तो काही मागत होता की नुसता बसला होता, कळत नव्हतं.

शेवटी आगगाडी आणि बस करून आम्ही सायनात्सालो नावाच्या बेटावर गेलो. तिथं कामगारवस्तीसाठी बांधलेलं विटांचं ग्रामसभागृह आहे. जिन्याच्या एका बाजूच्या पायऱ्यांवर गवत. दाराच्या मुठीला चामडं गुंडाळलेलं, म्हणजे थंडीत हाताला धातू लागू नये. सभेच्या खोलीत शिरलो आणि मी दचकलो, कारण ती अंधारी होती. इतकी उंच खोली आणि उजेड बेताचा. वर छप्पर पेलणाऱ्या लाकडाच्या कैच्या बोटं पसरल्यासारख्या. फिनलंडमधली माणसं उजेडासाठी जीव टाकतात आणि इथं मात्र त्यांनी अंधार जपून ठेवला होता. दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, इथं आलं की लोक आपोआप हळू बोलतात. आम्हीही हळूच बोलत होतो.

परत आल्यावर मी कामाचा राहिलो नाही. पुठ्ठा कापताना फिनलंडचा उजेड डोळ्यांत यायचा. इस्माईल म्हणायचा, "ह्याचा आत्मा थंडीत राहिलाय, देह पार्सलनं आलाय."

अशात आमचे वर्गीस साहेब, म्हणजे ज्यांच्या ऑफिससाठी आम्ही मॉडेलं करतो ते वास्तुविशारद, एक काम घेऊन आले. रुस्ताकला, डोंगरांच्या पायथ्याच्या गावात, एक कुटुंब नवं घर बांधत होतं. मुलगा सालिम मस्कतला सरकारी अधिकारी. मुलगी ज़ुवैना रुस्ताकच्या कॉलेजात शिकवते. आई अंथरुणाला खिळलेली. इकडं आईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, म्हणून ती उम्म सालिम, सालिमची आई.

ज़ुवैना वर्गीस साहेबांबरोबर आमच्या खोलीवर आली. इंग्रजी आणि हिंदी मिसळून बोलली. "माझ्या आईनं सगळे उन्हाळे गच्चीवर झोपून काढले. आता कमरेखालचं अंग गेलंय. डोळे, कान सगळं शाबूत. ती एकच गोष्ट मागते. तिला तिच्या पलंगावरून आकाश दिसायला हवं."

"मग मोठी खिडकी ठेवू," वर्गीस साहेब म्हणाले.

ज़ुवैना हसली. आम्हालाही कळलं. इथल्या घरात खिडकी असते, पण पडदा कायम ओढलेला. शेजारचा बंगला दुमजली, त्याच्या गच्चीतून घरातल्या बायका दिसता कामा नयेत. त्या दंडकापुढं कुणाचं चालत नाही.

"आणि लवकर हवंय," ती म्हणाली. "डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याबद्दल काही बोलत नाहीत."

मला ती खिडकी नसलेली लाकडी जागा आठवली. आतलं दिसत नाही आणि तरी उजेड. मी म्हटलं, "मॅडम, मला जमेल."

मी वाचनालयातल्यासारखा गोल झरोका केला. पुठ्ठ्याचा नरसाळ्यासारखा गळा, आतून पांढरा. मॉडेलच्या भिंतीला पलंगाच्या उंचीवर डोळ्यापुरतं भोक ठेवलं. मग इस्माईल आणि मी ते उचलून गच्चीवर नेलं, कारण उजेडाची परीक्षा खऱ्या उन्हातच होते. जून महिना, भर दुपार. ओमानात या दिवसांत सूर्य नेमका डोक्यावर असतो, खांबाला सावली सापडत नाही. मी भोकाला डोळा लावला. कागदी पलंगावर उन्हाचं पांढरंफेक चक्र पडलं होतं, बरोबर उशीवर.

इस्माईलनंही बघितलं. "म्हातारीला आकाश दाखवतोस की पापडासारखी भाजतोस?"

फिनलंडचा सूर्य वर चढतच नाही, म्हणून तिथला झरोका उन्हाला गळ्यातच अडवतो. आमचा सूर्य सरळ आत उडी मारतो. मग मी गळा वाकडा केला, तिरका केला, उत्तरेला वळवला. अशी सात-आठ छपरं झाली. दगडातल्या चर्चसारखं काचेचं कडं केलं, ते झाकायला पट्ट्या केल्या. शेवटी एक छप्पर साधलं. भोकाला डोळा लावला की खोलीत दुधी उजेड पसरलेला आणि वर निळ्याचा एक निवांत तुकडा. त्या दिवशी मी जेवायलाही गेलो नाही. माझ्या हातून फिनलंड झालं होतं.

ते घेऊन आम्ही रुस्ताकला गेलो. सालिम जुन्या घराच्या दारात उभा होता. इस्त्रीची पांढरी दिशदाशा, म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ झगा, डोक्याला भरतकामाची टोपी. त्याला हा प्रकार पहिल्यापासून नामंजूर. मला बाजूला घेऊन, सदीक म्हणजे दोस्त अशी हाक मारत म्हणाला, "सदीक, छत में छेद किस वास्ते? धूल आयेगा, पानी आयेगा. हम बड़ा टीव्ही लगाया, उस में पूरा आसमान है." त्याचंही चुकत नव्हतं. आईसाठी त्यानं हॉस्पिटलसारखा पलंग आणला होता, रात्रंदिवस एसी होता, नर्स होती.

मी चपला काढून उंबऱ्याशी बसलो. उम्म सालिमनं ओढणी सारखी केली आणि हातानंच मला आत ये म्हणून खुणावलं. वयानं मी तिच्या मुलासारखाच. कॉफी आणि खजूर झाल्यावर ज़ुवैनानं मॉडेल पलंगावर टेकवलं, खिडकीचा पडदा जरा सरकवून उन्हाकडं वळवलं आणि आईचा चेहरा भोकाशी आणला.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. एक डोळा मिटलेला, ओठ किंचित उघडे. मला हे ओळखता येतं. ती आत शिरली होती. मग तिनं मान वळवली आणि काहीतरी विचारलं. ज़ुवैना आईच्या आणखी जवळ सरकली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, फार छान आहे." ज़ुवैनानं आईकडं बघितलं. "म्हणते, इथे रात्र कधी होते?"

 मॉडेलमध्ये रात्र होत नाही. इतक्या वर्षांत ती कुणी मागितली नव्हती.

मग उम्म सालिम बोलायला लागली आणि ज़ुवैना मला सांगत गेली. त्यातलं पुष्कळ ज़ुवैनाही पहिल्यांदाच ऐकत होती. रुस्ताकच्या बागा फलजवर जगतात. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. गावातल्या प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. आता ती घड्याळावर चालते. तेव्हा दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर चालायची. अमका तारा डोंगराच्या अमक्या जागी वर आला, की पाणी तमक्याचं. यांची थंडीतली पाळी सुरय्यावर होती. सुरय्या म्हणजे आपल्या कृत्तिका. नवरा, सईद, दिवसभर राबून पडलेला असायचा. ही थंडीतसुद्धा गच्चीवर मुलांना कुशीत घेऊन पूर्वेच्या डोंगरातल्या खिंडीकडं डोळे लावून जागी. सुरय्या दिसली की त्याला हलवायची. तो दारं धरायला जायचा. पाणी वळवून आला की मगच ही झोपायची. तो गेला, घड्याळं आली, पाळी भावकीत वाटली गेली. हिचं खिंडीकडं बघणं तेवढं राहिलं. पुढं जिना चढणं बंद झालं आणि तेही सुटलं.

आकाश म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी दिवस धरला होता. वर्गीस साहेबांनी, मी, लेकीनंसुद्धा. मी तर अख्ख्या फिनलंडचा उजेड उचलून आणला, आणि जिनं जन्मभर उन्हापासून तोंड लपवलं, तिच्या उशाशी ठेवला. मला माझंच हसू आलं. परतीच्या वाटेवर सायनात्सालोची ती अंधारी खोली आठवली आणि तेव्हा कुठं कळलं, अंधारसुद्धा बांधावा लागतो.

आता काम उलटं झालं. मॉडेलमध्ये रात्र करायची. मी आतल्या भिंती मातकट रंगवल्या, पांढरं सगळं काढलं. छत आणि पूर्वेची भिंत मिळतात तिथं एक लांबट फट ठेवली. फटीबाहेर काळा कागद उभा केला, त्याला डोंगराची कड कापली आणि कडेच्या वर सुईनं सहा-सात टोचे मारले. मागून मोबाइलचा दिवा. इस्माईलनं खोलीतले दिवे बंद करून बघितलं. नेहमी टोमणे मारणारा तो माणूस भोकापासून हलेना. "आमच्या आजीच्या अंगणात असंच दिसायचं," एवढंच म्हणाला.

ते घेऊन पुन्हा रुस्ताकला गेलो, पण उम्म सालिमला ते पसंत पडलं नाही. तिनं बघितलं आणि बोट हलवलं. इथं नव्हे. खिंड अलीकडं आहे, आणि सुरय्या तिच्या मधून नाही, डावीकडच्या सुळक्याला घासून वर येते. मी नवा काळा कागद दिला. तिनं नखानं खूण केली आणि मी तिथं सुई टोचली. ती पुन्हा भोकाशी गेली. असं चालू असताना सालिम दारात येऊन उभा राहिला. आईचं बोट, माझी सुई. त्यानं टीव्ही बंद केला आणि तिथंच जमिनीवर बसला.

त्या दिवसानंतर छेदाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. पण प्रश्न सुटले नव्हते. पलंगावर पडलेल्या माणसाला खिंड दिसली पाहिजे आणि शेजाऱ्याची गच्ची दिसता कामा नये. म्हणजे नजर शेजाऱ्याच्या कठड्यावरून निसटून डोंगरावर टेकायला हवी. ते नकाशावर ठरेना. शेवटी बांधकाम चालू असताना मी तिच्या खोलीच्या जागी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर उताणा पडलो, नाकाजवळून सुतळी धरली आणि तिचं दुसरं टोक धरून सालिमला शिडीवर चढवलं. "थोडं वर. अजून थोडं. खलास!" बंगाली गवंडी काम टाकून बघत राहिले. साहेब शिडीवर आणि मिस्त्री झोपलेला, असं त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. सुतळी जिथं भिंतीला लागली, तिथं फटीची खालची कड आली. दिवसाचं ऊन येऊ नये म्हणून फटीला लाकडी झडप केली. दिवस कलला की दोरी ओढून उघडायची.

खरी घाई वेगळीच होती. कृत्तिका संध्याकाळीच उगवतात ते दिवस थोडे. एरवी त्या उशिरा येतात, आणि उम्म सालिम औषधांमुळे रात्रीच्या नमाजानंतर जागी राहू शकत नव्हती. आपला कार्तिक निघून गेला, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागणार होतं. डॉक्टरांनी तर पुढच्या उन्हाळ्याचीही हमी दिली नव्हती. मध्ये ती दोन वेळा दवाखान्यात जाऊन आली. दुसऱ्या वेळी ज़ुवैना फोनवर नुसतं "इन्शाल्ला" म्हणाली आणि फोन ठेवला. गिलावा ओला असतानाच सालिमनं आईला नव्या घरात आणलं. बाकीच्या घराला दारंसुद्धा नव्हती.

गेल्या कार्तिकातली ती संध्याकाळ. सुनंदालाही त्यांनी बोलावलं होतं. झडप उघडली, खोलीतला दिवा घालवला. फटीत डोंगर दिसेना. शेजाऱ्याच्या कुंपणावरच्या मोठ्या दिव्यांनी सगळं पिवळं करून टाकलं होतं. दिवसाउजेडी काम करणाऱ्या आमच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. सालिम बाहेर गेला. थोड्या वेळानं पिवळा उजेड विझला. मग पलीकडच्या घरातला विझला, त्याच्या पलीकडचा, आणि बघता बघता सगळी गल्ली काळोखात बुडाली. सालिम परत आला तेव्हा त्याच्यामागून शेजाऱ्याचा आवाज आला, उम्म सालिमला सलाम सांगा.

डोळे सरावले तसा डोंगर हळूहळू वर आला. आधी काळा, मग त्याची कड, मग खिंड. खोलीत कुणी हलत नव्हतं. एसीही बंद होता. ओल्या गिलाव्याचा वास येत होता. सुनंदानं माझं मनगट धरलं. डावीकडच्या सुळक्याच्या अंगाला काहीतरी धूसर लुकलुकलं आणि गेलं. मला वाटलं, डोळे फसले. मग ते परत आलं. दाण्यांची मूठ उधळावी तसा तो पुंजका सुळक्याला घासत वर निघाला. माझ्या सुईचे टोचे फार मोठे होते, हे तेव्हा कळलं.

उम्म सालिमनं हात लांब केला, पलंगाच्या रिकाम्या बाजूला, आणि चादर हलवली.

"सईद," ती हळूच म्हणाली. "ऊठ. पाणी आपलं झालं."

अरबी माझी कामापुरती. पण हे कळायला भाषा लागली नाही. ज़ुवैनानं तोंडावर ओढणी धरली. म्हातारीनं पुन्हा चादर हलवली, या वेळी जरा रागानं. तेव्हा अंधारातून सालिमचा आवाज आला, "उठलो. निघालो."

तो अनवाणीच गेला. फलजचा पाट घरामागच्या खजुरीच्या बागेतून जातो. आम्ही तसेच बसून राहिलो. त्या वेळी पाणी कुणाच्या पाळीचं होतं कोण जाणे. बागेतून पाण्याचा आवाज बदलल्यासारखा आला, किंवा मला तसं वाटलं. उम्म सालिमचे डोळे खिंडीवर होते आणि कान बाहेर.

सालिम परत आला आणि पलंगाशी उभा राहिला.  तिनं हात खाली नेला, त्याच्या दिशदाशाचा काठ बोटांत घेतला आणि चाचपला. काठ गुडघ्यापर्यंत ओला होता. तिनं तो सोडला, ओढणी तोंडापर्यंत घेतली आणि झोपली.